गाणं संपलं म्हणून गळालेले फोटो

माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाला 2007 साली 50 वर्षं झाली. तेव्हा धाकट्या काकांनी घरच्या कंप्युटरवर, विंडोज मूव्ही मेकरमध्ये, जुन्या फोटोंचा एक स्लाइड शो केला होता. खाली एक हिंदी सिनेमातलं गाणं टाकलं, डीव्हीडी बर्न केली आणि हॉलमध्ये पडद्यावर दाखवली. सगळे रडले. मीही रडले. पुढे पीएच.डी.साठी कौटुंबिक छायाचित्रांवर काम सुरू केलं तेव्हा तीच डीव्हीडी मी मोठ्या हौसेने गाइड मॅडमना दाखवली. त्यांनी ती शांतपणे पूर्ण बघितली आणि एवढंच विचारलं, "गाणं कुठल्या सालचं गं?"

मला सांगता आलं नाही. प्रत्येक फोटो कधीचा, कोणी काढला, त्यात कोण कोण आहे, हे सगळं मी वहीत रकाने पाडून लिहिलं होतं. गाण्याचा रकानाच नव्हता. मी ते मोजलंच नव्हतं. गाणं म्हणजे नुसती सजावट, वरून टाकलेली कोथिंबीर, असं मी धरून चालले होते.

आता वाटतं, कौटुंबिक स्लाइड शो साधन म्हणून वापरणाऱ्याने सुरुवात गाण्यापासूनच करावी. फोटो जुना असतो, पण त्याच्याखालचं गाणं नंतर कोणीतरी निवडलेलं असतं. म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन काळ एकमेकांवर चिकटवलेले असतात, आणि बघताना ते एकच वाटतात. आपली फसगत होते ती तिथेच.

चित्राला आवाज जोडायची हौस आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890 च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं पडद्यावर पडायची आणि सोबत तिथल्या तिथे निवेदन, गाणं चालायचं. त्याच सुमारास, 1894 मध्ये, अमेरिकेत एडवर्ड मार्क्स आणि जोसेफ स्टर्न यांच्या 'द लिटल लॉस्ट चाइल्ड' या गाण्यासाठी जॉर्ज थॉमस नावाच्या इलेक्ट्रिशियनने काचेच्या स्लाइड तयार केल्या. नाट्यगृहात गायक गायचा आणि मागे चित्रं सरकायची. इथे क्रम उलटा आहे बघा. गाणं आधी, चित्रं त्याच्यासाठी काढलेली, आणि हेतू होता गाण्याच्या छापील प्रती खपवण्याचा. दोन्हींना आपण 'चित्र अधिक संगीत' म्हणतो, पण कोण कोणासाठी आलं हे विचारल्याशिवाय दोन्हीचा अर्थ लागत नाही.

घरगुती शोकडे यायचं तर कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर 1961 मध्ये आला. गोल ट्रेमध्ये 80 स्लाइड बसायच्या. हौशी मंडळी शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायची. पुढे अशीही सोय झाली की टेपच्या एका ट्रॅकवर संगीत आणि दुसऱ्या ट्रॅकवर फक्त इशारे. हे इशारे स्पीकरमधून ऐकू येत नसत. इशारा आला की प्रोजेक्टर खट्‌कन पुढची स्लाइड टाकायचा. म्हणजे कुठलं चित्र किती वेळ दिसणार हे त्या टेपवर नोंदलेलं असायचं. अर्काइव्हमध्ये स्लाइडचा डबा एका कपाटात आणि टेप दुसऱ्या कपाटात गेली, की हा सगळा वेळेचा हिशोब हरवतो. म्हणून असा डबा हाती आला तर आधी विचारा, याच्यासोबत कॅसेट होती का?

गाणं फोटोचं नेमकं काय करतं, हे मला पटलं ते एका अमेरिकन उदाहरणामुळे. केन बर्न्स यांची 'द सिव्हिल वॉर' ही अकरा तासांची माहितीपट मालिका 1990 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर आली. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाचे जुने फोटो, त्यांवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा आणि मागे व्हायोलिनची एक उदास धून. सलिव्हन बलू नावाच्या अधिकाऱ्याने लढाईच्या आधी बायकोला लिहिलेलं पत्र वाचलं जातं तेव्हाही तीच धून. तो त्या लढाईत जखमी होऊन गेला. ऐकणाऱ्याला वाटतं, ही नक्की त्याच काळातली लोकधून असणार.

नाही. धुनेचं नाव 'अशोकन फेअरवेल'. (आपल्या सम्राटाशी काही संबंध नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या एका ठिकाणाचं ते नाव आहे.) ती जे उंगर यांनी 1982 मध्ये रचली, तिथलं त्यांचं उन्हाळी संगीत शिबिर संपल्याच्या हुरहुरीतून. फोटो 1860 च्या दशकातले, दुःख 1982 चं. तरीही मालिकेमुळे ही धून लोकांच्या मनात यादवी युद्धाशी कायमची जोडली गेली. मी बर्न्सना दोष देत नाही. त्यांनी धून कोणाची हे लपवलेलं नाही. पण संगीत एकदा फोटोला चिकटलं की ते फोटोचंच वय घेऊन बसतं. फोटोवरून कॅमेरा सरकवण्याची ती पद्धत 2003 मध्ये ॲपलच्या आयमूव्हीत 'केन बर्न्स इफेक्ट' या नावानेच आली, आणि मग ती घरोघरच्या वाढदिवसांच्या व्हिडिओंत पोचली.

हे वाचून झाल्यावर मी पुन्हा काकांची डीव्हीडी लावली. गाणं 1960 च्या दशकातल्या सिनेमातलं निघालं. लग्न 1957 चं. आमच्या घरात आज ते 'आजी-आजोबांचं गाणं' म्हणून ओळखलं जातं. चुलत बहिणीच्या लग्नात त्यावर नाचही झाला. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "ते तुझ्या काकाचं गाणं. आमच्याकडे रेडिओच आला 71 साली."

मग मी एक साधा हिशोब केला. मूव्ही मेकरमध्ये फोटो टाकला की तो आपोआप 5 सेकंद दिसायचा. मुद्दाम बदललं नाही तर तेवढाच. काकांनी बदललं नव्हतं. गाणं साडेचार मिनिटांचं, म्हणजे 270 सेकंद. भागिले 5, बरोबर 54 फोटो. डीव्हीडीत 54 च आहेत. काकांनी स्कॅन केलेल्या फोल्डरमध्ये मात्र 118 आहेत. मी काकांना विचारलं, बाकीचे 64 का नाही घेतले? ते हसले. "अगं, गाणं संपलं ना!"

मी हे वाक्य जवळजवळ तसंच चॅप्टरमध्ये घातलं होतं: निवड तंत्राने ठरवली. मॅडमनी समासात लिहिलं, "गाण्याने आकडा ठरवला. माणसं कोणी ठरवली?" मी पुन्हा फोल्डर उघडून बसले. गळालेल्या 64 मध्ये आजीच्या माहेरचे सगळे 11 फोटो होते. लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आलेल्या मोठ्या आत्याचा एकही फोटो 54 मध्ये नाही. आजोबांच्या ऑफिसातल्या निरोप समारंभाचे मात्र सहा आहेत. काकांच्या मनात काही वाईट होतं असं मला अजिबात वाटत नाही. सोहळ्याला शोभतील असे फोटो त्यांनी वेचले आणि गाण्याच्या लांबीने त्यांना थांबायला कारण दिलं. पण इतिहास लिहिताना 'जागा नव्हती' हे उत्तर घेऊन परत यायचं नसतं, एवढं त्या समासातल्या ओळीने शिकवलं.

हाच हिशोब कालनिश्चितीलाही कामी येतो. समजा लग्नाच्या कॅसेटवर 1991 लिहिलंय आणि मिक्सिंगमध्ये 'हम आपके हैं कौन'चं गाणं वाजतंय. तो सिनेमा 1994 चा. म्हणजे एकतर लेबल चुकलंय किंवा मिक्सिंग नंतर पुन्हा करून घेतलंय. दुसरं असेल तर कोणी आणि का, हा शोधायचा विषय झाला. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. गाणं जुनं आहे म्हणून व्हिडिओ जुना ठरत नाही. काकांचंच उदाहरण घ्या.

आणखी एक, ऑनलाइन मिळालेल्या व्हिडिओंबद्दल. आमची हीच फिल्म मावसभावाने इंटरनेटवर टाकली तर कॉपीराइटच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत तिचा आवाज बंद झाला. आज कोणी ती तिथे बघितली तर त्याला वाटेल, या कुटुंबाने मुका स्लाइड शो केला. मूळ डिस्क मागून घ्या.

आवाज बंद करून बघण्याचा मला मात्र फायदा झाला. जॉन कॉलियर यांनी 1957 मध्ये, नुसत्या प्रश्नांनी घेतलेली मुलाखत आणि फोटो समोर ठेवून घेतलेली मुलाखत यांची तुलना मांडली होती; फोटो असले की लोक जास्त नेमकं बोलतात. मी त्यात थोडी भर घातली. आजीला फिल्म आधी गाण्यासकट दाखवली. ती डोळे पुसत म्हणाली, "छान केलंय." बस. आठवड्याने आवाज बंद करून, एकेका फोटोवर थांबत दाखवली. रेकॉर्डर 47 मिनिटं चालू होता.

तिचा आणि आजोबांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो आहे, दोघंही कपाळाला आठ्या घालून बसलेत. गाण्यासोबत बघताना आम्हाला तो लाजरेपणा वाटायचा. आजी म्हणाली, "लाज कसली! शेजारी पिठाची गिरणी चालू होती. तो फोटोवाला काय सांगतोय ते दोघांनाही ऐकू येईना."

ते 11 फोटो आता मी छापून आणलेत. दर रविवारी एक समोर ठेवते आणि ती मागे पेन्सिलीने नावं लिहायला सांगते. चार झालेत. पाचव्यात आत्या आहे, विहिरीपाशी उभी. तो आजीने दोन रविवार बाजूला ठेवलाय, "नंतर बघू" म्हणून.