पाच-सहाचा हिशेब : मुंबई, ऑक्टोबर 1972

लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडने आपली दोन गाणी श्रोत्यांसमोर जेमतेम एकेकदाच वाजवली. ‘फोर स्टिक्स’ 3 मे 1971 रोजी कोपनहेगनमध्ये आणि ‘फ्रेंड्स’ त्याच वर्षी 29 सप्टेंबरला ओसाकात. दोन्ही मैफली रसिकांपर्यंत पोचल्या त्या सभागृहात बसलेल्या श्रोत्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून. पुढे याच दोन गाण्यांची तिसरी वाट मुंबईत निघाली. गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी 1972 साली मुंबईच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन नेमकी हीच दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांच्याकडे तोवर चार तबकड्यांचा संग्रह होता, त्यातली गाजलेली गाणी डझनावारी होती. तरीही निवड याच दोन गाण्यांची झाली. ती का झाली, कधी झाली आणि त्या दिवशी स्टुडिओत काय घडले, हे हाती असलेल्या पुराव्यांवरून बऱ्यापैकी मांडता येते.

पुरावे तीन प्रकारचे आहेत : बँडच्या दौऱ्यांच्या तारखा, तबकड्यांची वेष्टने आणि प्रत्यक्ष ध्वनिफीत. आधी तारखा पाहू, कारण घोळ तिथेच आहे.

बऱ्याच जुन्या पुस्तकांत हे ध्वनिमुद्रण मार्च 1972 चे म्हणून येते, काहींत ऑक्टोबरचे. पेज-प्लांट त्या वर्षी मुंबईत दोनदा येऊन गेले, त्यामुळे दोन्ही समजुतींना आधार मिळाला. पहिली खेप ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यानंतरची. त्या दौऱ्याआधी सिंगापूरने लांब केसांच्या कारणावरून बँडला देशात शिरू दिले नव्हते. पुढे 16 फेब्रुवारीला पर्थमध्ये सुरू झालेला दौरा 29 फेब्रुवारीला ब्रिस्बेनमध्ये संपला आणि परतीच्या वाटेवर दोघे मुंबईला उतरले. त्यानंतरचा त्यांचा जाहीर कार्यक्रम थेट मे महिन्याच्या अखेरीस होता. म्हणजे मार्चमध्ये सवड भरपूर होती. दुसरी खेप जपाननंतरची. 2 ऑक्टोबरला टोकियोत सुरू झालेला दौरा 10 ऑक्टोबरला क्योटोत संपला आणि 28 ऑक्टोबरला बँड स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या रंगमंचावर होता. मधले सुमारे अडीच आठवडे मोकळे होते. नुसत्या तारखांनी निवाडा होत नाही, दोन्ही फटी पुरेशा रुंद आहेत. निर्णायक वजन पडते ते 2015 च्या अधिकृत प्रकाशनाचे. मूळ फिती ज्यांच्या ताब्यात होत्या, त्यांनीच तेव्हा ऑक्टोबर 1972 हा काळ दिला. पेजने स्वतःच्या देखरेखीखाली हे जुने साहित्य बाहेर काढले होते. माझ्या मते मार्चची तारीख आता सोडून द्यायला हवी. पहिल्या भेटीची आठवण दुसऱ्या भेटीतल्या कामाला चिकटली, एवढाच तिचा उगम दिसतो.

त्याच वर्षी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नाइटक्लबमध्ये दोघांनी स्थानिक वादकांना सोबत घेऊन वाजवले. भारतातल्या रॉक पिढीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची : बँडचा ड्रमर जॉन बोनम मुंबईत नव्हता. क्लबमध्येही नव्हता, स्टुडिओतही नव्हता.

आणि ‘फोर स्टिक्स’ हे तर बोनमचेच गाणे. नोव्हेंबर 1971 मध्ये आलेल्या चौथ्या तबकडीवर ते आहे. त्याची चाल पाच मात्रांचे आणि सहा मात्रांचे खंड मिसळून बांधलेली आहे. स्टुडिओत ते काही केल्या बसत नव्हते, सोडून दिले जात होते. पेजने नंतर सांगितलेली हकिगत अशी की, एका संध्याकाळी बोनम जिंजर बेकर या दुसऱ्या मोठ्या ड्रमरचे वादन ऐकून आला, ईर्ष्येने पेटला आणि दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवायला बसला. गाणे उभे राहिले. नावही त्यावरूनच पडले.

बेळगाव-निपाणी भागात ज्याने गोंधळात संबळ किंवा मिरवणुकीत हलगी जवळून ऐकली आहे, त्याला काठीचा हा फरक सांगावा लागत नाही. हलगीवर एका हाताची जाड काठी बोल देते, तर दुसऱ्या हाताची बारीक काडी सतत चरचरत राहते. काठीची जाडी, वजन, टेकवायची जागा बदलली की ठेका तोच राहूनही त्याचा अंगरंग बदलतो. बोनमच्या एकेका हातातल्या दोन काठ्या कातड्यावर अगदी एकाच क्षणी पडत नाहीत. त्यातून एक दाट, किंचित फुटलेला आघात येतो आणि गाण्याची ती प्रसिद्ध धडधड तयार होते. एवढे जोरकस वाजवणारा हा माणूस मैफलीत ‘मोबी डिक’ या दीर्घ एकलवादनात मात्र काठ्या बाजूला ठेवून उघड्या हातांनी ड्रम वाजवत असे. बोटे आणि तळवे चामड्यावर काय करू शकतात, याची त्याला ओढ होती.

‘फ्रेंड्स’ची गोष्ट वेगळी. 5 ऑक्टोबर 1970 च्या तिसऱ्या तबकडीवरच्या या गाण्यात ड्रमसेटचा दणका नाही. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावलेल्या, त्यामुळे खालचा षड्ज तंबोऱ्यासारखा घुमत राहतो, आणि त्यावर बँडचा बेसवादक जॉन पॉल जोन्स याने रचलेले तंतुवाद्यांचे सूर वर चढतात. भारतीय संगीत पेजच्या डोक्यात होते, हे गाणे ऐकताच कळते. म्हणजे निवडीचे उत्तर गाण्यांच्या बांधणीतच आहे. एका गाण्यात आधारस्वर भारतीय ढंगाचा, दुसऱ्यात मात्रांचा हिशेब भारतीय कानाला न घाबरवणारा. युरोपीय श्रोत्याला पाच-सहाची सरमिसळ अडखळल्यासारखी वाटते. आपल्याकडे दादऱ्याच्या सहा मात्रा घराघरांत आहेत, झपतालाच्या दहा मात्रांत पाच-पाचाचे दोन भाग आहेत, रुद्र तालात अकरा मात्रा आहेत. पेजने मुंबई निवडली ती नुसत्या रंगासाठी नव्हे, असे माझे ठाम मत आहे. जिथे हा हिशेब वादकांच्या हातात आधीपासून आहे, तिथे तो गेला.

तरी काम सोपे झाले नाही, हे ध्वनिफीत सांगते. चाहत्यांच्या हातोहात फिरलेल्या अनधिकृत प्रतींत ‘फ्रेंड्स’चे एकापेक्षा जास्त प्रयत्न लागोपाठ आहेत. अडचण कशात असावी, हे ताल जाणणारा सहज ओळखेल. आपल्या तालात आवर्तन ठरलेले असते, सम ठरलेली असते, आणि वादक त्या चाकोरीत हवा तेवढा खेळ करून परत समेवर येतो. ‘फोर स्टिक्स’मध्ये खंड बदलतो तो चालीच्या ओघाने, कधी पाचावर तर कधी सहावर. समेची वाट पाहायची सोय नाही. तबलजीने पाच मात्रा उत्तम वाजवणे निराळे आणि गिटारची सुरावट पाठ करून तिच्यामागे वळणे निराळे. म्हणून मुंबईची फीत ऐकताना मला सर्वांत मोलाची वाटते ती तालवाद्यांची पकड. बोनमच्या चार काठ्यांचा दणका त्यात नाही, पण त्याच हिशेबाचे बोल बोटांनी सुटे, स्वच्छ केले आहेत. मूळ गाण्यात ड्रमच्या आवाजाखाली दबलेली मात्रांची रचना इथे उघडी दिसते. ड्रमवादन शिकणाऱ्याने दोन्ही मुद्रणे पाठोपाठ ऐकावीत.

त्या स्टुडिओची परिस्थिती कशी असेल, याचा अंदाज चार वर्षे आधीच्या एका कामावरून येतो. जानेवारी 1968 मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत मुद्रित करत होता. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत तो स्टुडिओ होता. मुंबईत तेव्हा मोनो यंत्रच होते, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणले. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजाने मुद्रण थांबवावे लागे, आणि बारकाईने ऐकले तर रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात, असे हॅरिसनने पुढे सांगितले आहे. याच दिवसांत ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत तिथे बांधले गेले आणि 15 मार्च 1968 ला ते बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर आले.

‘वंडरवॉल’च्या तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे आहेत, हे विशेष. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्रा, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे. सुरबहारवाले चंद्रशेखर नारिंग्रेकर आडनावाविना आणि चुकीच्या स्पेलिंगने छापले गेले, पण छापले गेले. लंडनच्या दुकानात 1968 साली ती तबकडी उलटून पाहणाऱ्याला केंकरे हे नाव वाचता येत होते.

1972 च्या मुद्रणाच्या वाट्याला हे आले नाही. ते तेव्हा प्रकाशितच झाले नाही. 25 सप्टेंबर 1980 ला बोनम वारला, त्याच डिसेंबरमध्ये बँडने काम थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि 1982 मध्ये उरल्यासुरल्या गाण्यांची ‘कोडा’ ही तबकडी निघाली. तिच्यावर बोनमचे निव्वळ ड्रमवरचे ‘बोन्झोज माँत्रो’ आहे, मुंबईची गाणी नाहीत. ती जगली चाहत्यांमुळे. कुणीतरी प्रत बाहेर काढली, तिच्या प्रतींच्या प्रती झाल्या, प्रत्येक पिढीत खरखर वाढत गेली, आणि तरीही माणसे त्या खरखरीतून तबला शोधत राहिली. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा एवढाच आधार होता.

बेळगाव-धारवाड-कोल्हापूर पट्ट्यातल्या रसिकाला ही वृत्ती परकी नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, लहान वयात थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्यांतले गाणे हुबेहूब गात असत. संगीतगुरू देवधरांकडे मुंबईला शिकायला जाण्याआधीची ही गोष्ट. पुढे टेपरेकॉर्डर आले आणि खाजगी मैफलींच्या फिती घरोघर फिरू लागल्या. अमक्याकडे तमक्या साली झालेला मारवा आहे, हे गावभर ठाऊक असे. 1990 मध्ये मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली आणि सुरेश चांदवणकर व त्यांच्या सोबत्यांनी तबकडीवरचे क्रमांक, वेष्टने, कंपन्यांच्या याद्या यांचा अभ्यास शिस्तीने मांडला. शास्त्रीय गाण्यासाठी जे झाले तेच रॉकच्या चाहत्यांनी आपल्या परीने केले : दौऱ्यांच्या तारखा जुळवल्या, कोणत्या प्रतीची कोणती प्रत हे ठरवले, ‘फोर स्टिक्स’ असलेली कोपनहेगनची एकमेव मैफल हुडकली.

31 जुलै 2015 रोजी ‘कोडा’ची वाढीव आवृत्ती आली आणि तिच्यात मुंबईची दोन्ही गाणी अखेर स्वच्छ आवाजात ऐकायला मिळाली. ‘फोर स्टिक्स’ला तिथे ‘फोर हँड्स’ असे नाव आहे. गाण्यांपुढे वादकांची ओळख दिली आहे ती ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढीच. मला हे खटकते. मधल्या काळात, 1994 साली, पेज आणि प्लांटने ‘नो क्वार्टर’ या संग्रहासाठी हीच दोन गाणी पुन्हा उचलली, या वेळी इजिप्तच्या वादकांसोबत, आणि तालवाद्यांची धुरा सांभाळणारे हुसाम रमझी त्यामुळे जगभर नावानिशी ओळखले गेले. त्या कल्पनेचा पहिला प्रयोग मुंबईकरांनी बावीस वर्षे आधी करून दाखवला होता.

ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढले, तेव्हा पडद्यावर कधीच न झळकलेल्या अनेकांची नावे, त्यांतले कितीतरी गोवेकर, इतिहासात दाखल झाली. 1972 च्या त्या ध्वनिमुद्रणासाठीही हाच मार्ग आहे. वादकांच्या घरांतल्या रोजनिश्या, मानधनाच्या पावत्या, स्टुडिओच्या वेळांची टिपणे यांत ऑक्टोबर 1972 चे पान शोधायला हवे, आणि ते काम ज्यांच्या आठवणी अजून शाबूत आहेत त्यांच्यापासून सुरू करायला हवे.