भारतात सर्कशीत लहान मुलं का दिसत नाहीत? आणि सर्कस शिकायची तर कशी?

14 वर्षांखालच्या मुलाला आपल्याकडे सिनेमात काम करता येतं, मालिकेत आणि जाहिरातीतही येतं. सर्कशीत येत नाही. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हा करमणूक आणि खेळांना काही अटींवर सवलत मिळाली, पण सर्कशीला नाव घेऊन वगळलं गेलं.

असं का? 2006 मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन' ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. नेपाळमधून, गरीब घरांतून आणलेली मुलं वर्षानुवर्षं तंबूतच राहत होती. शाळा नाही, घरी जाणं नाही, वर मारहाणीच्या आणि लैंगिक शोषणाच्या तक्रारी. 18 एप्रिल 2011 रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला आदेश दिला: सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घाला, धाडी टाकून त्यांना सोडवा आणि त्यांचं पुनर्वसन करा.

म्हणजे बंदी कामावर आहे, कोलांटी शिकण्यावर नाही. हा फरक अनेकदा निसटतो.

शरीराला लवचीकपणाची सवय लहानपणीच लावावी लागते, हे खरंच आहे. मलखांब शिकणारी मुलंही लवकरच सुरुवात करतात. पण त्यासाठी शाळा सोडावी लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अल्बरी शहरात 1979 पासून 'फ्लाइंग फ्रूट फ्लाय सर्कस' ही खास मुलांची सर्कस चालते. तिथली मुलं शाळेचा अभ्यास करता करता सर्कस शिकतात.

चांगल्या वर्गात आधी पडायला शिकवतात. गादीवर, अंग गोळा करून, हातावर भार न घेता. जगलिंगची सुरुवात अनेकदा चेंडूऐवजी हलक्या रुमालांनी होते. रुमाल सावकाश खाली येतो, त्यामुळे मुलाला हात हलवायला वेळ मिळतो. उंचावरचे खेळ बरेच नंतर, तेही कमरेला दोर बांधून.

भारतालाही सर्कसशाळा नवी नाही. 'ग्रेट इंडियन सर्कस' काढणारे विष्णुपंत छत्रे मराठी होते. त्यांच्या सर्कशीशी संबंध आलेल्या कीलेरी कुन्हीकण्णन यांनी केरळात थलश्शेरीजवळ 1901 मध्ये सर्कसशाळा सुरू केली आणि दक्षिणेतले कितीतरी कलाकार त्यातून घडले.

भारतीय सर्कशींतून सुटून नेपाळला परतलेल्या काही जणांनी मोठेपणी 'सर्कस काठमांडू' नावाचा स्वतःचा गट उभा केला. लहानपणी सक्तीने शिकवलेले तेच खेळ त्यांनी 2014 मध्ये ब्रिटनच्या ग्लास्टनबरी महोत्सवात करून दाखवले.