विविधभारती जाहिरात प्रसारण सेवा, नागपूर

विविधभारती जाहिरात प्रसारण सेवा, नागपूर ही आकाशवाणीच्या ‘विविधभारती’ या मनोरंजनप्रधान सेवेची नागपूर (महाराष्ट्र) येथून चालणारी वाणिज्यिक वाहिनी आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी आकाशवाणीने विविधभारतीवर मोबदला घेऊन जाहिराती प्रसारित करण्यास प्रायोगिक स्वरूपात सुरुवात केली. त्यासाठी निवडलेल्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांपैकी हे एक होय. ही वाहिनी आता १००.६ मेगाहर्ट्झ या एफएम वारंवारतेवर ऐकू येते.

पार्श्वभूमी

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. प्रांतात मराठी व हिंदी या दोन्ही भाषा बोलल्या जात असल्याने केंद्राचा श्रोतृवर्गही आरंभापासून द्विभाषिक होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. शहराचे राजधानीपद गेले, तरी केंद्राचा मराठी-हिंदी असा दुहेरी श्रोतृवर्ग कायम राहिला.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला उत्तेजन देण्याच्या त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण फार कमी झाले. चित्रपटगीतांचा श्रोता याच काळात रेडिओ सिलोनकडे वळला. अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम १९५२ च्या अखेरीस त्या केंद्रावरून सुरू झाला. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, पुरस्कर्ता भारतीय बाजारपेठेत माल विकणारा असे आणि श्रोतेही बहुतांशी भारतीय असत. प्रक्षेपण मात्र कोलंबोहून होई. यावर उपाय म्हणून आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती ही सेवा सुरू केली. प्रारंभी तिचे प्रक्षेपण मुंबई व मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून होत असे. या सेवेत चित्रपटगीतांना स्थान मिळाले, परंतु जाहिराती नव्हत्या.

चंदा समिती आणि जाहिरातींचा निर्णय

नभोवाणी व माहिती माध्यमांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर १९६४ मध्ये अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नभोवाणी व दूरचित्रवाणीविषयीचा तिचा अहवाल १९६६ मध्ये सादर झाला. आकाशवाणीला सरकारी खात्याऐवजी स्वायत्त महामंडळाचे स्वरूप द्यावे, तसेच मर्यादित प्रमाणात जाहिराती स्वीकाराव्यात, अशा शिफारशी तीत होत्या. यांपैकी जाहिरातींची शिफारस वर्षा-दीड वर्षात अमलात आली. स्वायत्ततेसाठी मात्र प्रसार भारती अधिनियम, १९९० मंजूर होऊन तो १९९७ मध्ये अमलात येईपर्यंत वाट पाहावी लागली. नागपूरसह पहिली तीनही जाहिरात केंद्रे त्यामुळे तीन दशके सरकारी खात्याचा भाग म्हणून वाणिज्यिक काम करीत होती.

मुंबई, पुणे व नागपूर ही तीनही शहरे महाराष्ट्रातील असली, तरी मुंबई व नागपूर यांमध्ये आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. या केंद्रांच्या गटामुळे राज्याच्या पश्चिम व पूर्व अशा दोन्ही टोकांच्या शहरी बाजारपेठा जाहिरातदाराला उपलब्ध झाल्या. त्यानंतर कोलकाता, दिल्ली व मद्रास येथेही ही सेवा सुरू करण्यात आली. मे १९७० पासून प्रायोजित कार्यक्रमांनाही परवानगी मिळाली. रेडिओ सिलोनवर रुजलेली ही पद्धत अशा रीतीने आकाशवाणीवर आली.

कार्यपद्धती

विविधभारतीच्या कार्यक्रमांची निर्मिती मध्यवर्ती पातळीवर होत असे. ध्वनिमुद्रित फिती जाहिरात केंद्रांकडे पाठविल्या जात आणि ठरलेल्या वेळी तेथून वाजविल्या जात. कार्यक्रमांच्या मधल्या जागेत त्या त्या केंद्राकडे नोंदविलेल्या जाहिराती, उद्घोषणा आणि स्थानिक कार्यक्रम यांची जोड दिली जाई. उपग्रहाद्वारे प्रक्षेपण सुरू झाल्यावर फिती पाठविण्याची गरज उरली नाही. स्थानिक केंद्राने मुख्य प्रक्षेपणातून ठरावीक वेळ बाहेर पडून आपले कार्यक्रम सादर करावेत, ही रचना मात्र टिकून राहिली.

जाहिरातींसाठी आकाशवाणीची आचारसंहिता लागू आहे. तंबाखूजन्य पदार्थ व मद्य यांच्या, तसेच धार्मिक वा राजकीय हेतूच्या जाहिराती स्वीकारल्या जात नाहीत. जाहिरातींना देण्यात येणारा वेळही एकूण प्रसारणकाळाच्या लहान भागापुरता मर्यादित ठेवण्यात आला. जाहिरात काही सेकंदांच्या मोजमापाने विकली जाते आणि ती कोणत्याही भारतीय भाषेत असू शकते. त्यामुळे एकाच हिंदी कार्यक्रमाच्या मध्यंतरात नागपूरच्या श्रोत्याला मराठी जाहिरात ऐकू येऊ शकते.

कार्यक्रम

केंद्रावरून सहक्षेपित होणाऱ्या विविधभारतीच्या कार्यक्रमांमध्ये नाटिकांचा ‘हवामहल’, सैनिकांसाठीचा ‘जयमाला’, चित्रपटगीतांचा ‘छायागीत’, जुन्या गीतांचा ‘भूले बिसरे गीत’ आणि रागसंगीताची ओळख करून देणारा ‘संगीत सरिता’ यांचा समावेश होतो. हे कार्यक्रम हिंदीत असून देशभर एकसारखेच ऐकू येतात. मराठी निवेदन व मराठी गीते यांना प्रामुख्याने स्थानिक प्रसारणाच्या वेळेत स्थान मिळते. नागपूरच्या श्रोत्यांसाठी मराठीतील सविस्तर कार्यक्रम, बातम्या व शेतीविषयक माहिती देण्याचे काम जाहिरात वाहिनीचे नसून ५८५ किलोहर्ट्झवरील प्राथमिक वाहिनीचे राहिले आहे.

खासगी वाहिन्यांशी स्पर्धा

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर केंद्र सरकारने खासगी एफएम वाहिन्यांसाठी लिलाव केले. पहिल्या टप्प्यात ठरावीक परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असे. हा भार न पेलल्याने अनेक बोलीदारांनी माघार घेतली. जुलै २००५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात एकरकमी प्रवेश शुल्क आणि एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के वार्षिक शुल्क अशी पद्धत आली. या टप्प्यात ९१ शहरांतील ३३८ वारंवारता देऊ करण्यात आल्या. नागपूरचा समावेश महानगरांच्या खालोखालच्या ‘अ’ गटात होता.

त्यानंतर नागपुरात रेडिओ सिटी (९१.१), रेड एफएम (९३.५), माय एफएम (९४.३) आणि रेडिओ मिर्ची (९८.३) या खासगी वाहिन्या सुरू झाल्या. विविधभारतीहून त्यांचे वेगळेपण मुख्यतः निवेदनात होते. मध्यवर्ती मुद्रित कार्यक्रमांऐवजी शहरातच बसून बोलणारा निवेदक, वाहतूक व शहरातील घडामोडींचा उल्लेख आणि दूरध्वनीवरून श्रोत्यांचा सहभाग यांवर त्यांनी भर दिला. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा खासगी वाहिन्यांना नाही. तिसऱ्या टप्प्याच्या २०११ मधील धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे कोणताही बदल न करता प्रसारित करण्याची परवानगी दिली. शहरात एफएमवर स्थानिक बोलणे वाढले, तरी स्थानिक पत्रकारितेत तितकी भर पडली नाही, त्याचे हे एक कारण आहे.

जाहिरातीचे अर्थकारण आणि स्थानिकता

एफएम प्रक्षेपणाचा पल्ला शहर व लगतच्या परिसरापुरता असतो. ज्या व्यावसायिकाचे ग्राहक नागपुरातच आहेत, उदाहरणार्थ सीताबर्डीतील कापड दुकानदार किंवा रामदासपेठेतील शिकवणी वर्ग, त्याला मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचणाऱ्या जाहिरातीचा उपयोग नसतो. अशा जाहिरातदारासाठी शहरापुरती वाहिनी सोयीची ठरते. याउलट साबण, चहा वा दंतमंजन विकणाऱ्या कंपनीला एकाच करारात अनेक केंद्रे हवी असतात. १९६७ मधील तीन केंद्रांचा गट या दुसऱ्या गरजेला अधिक जवळचा होता.

या अर्थकारणाचा परिणाम भाषेवरही दिसतो. अनेक शहरांत एकाच वेळी चालू शकणारा कार्यक्रम स्वस्त पडतो, आणि नागपूरसारख्या शहरात असा कार्यक्रम बहुधा हिंदी चित्रपटगीतांचा असतो. शहरात हिंदी सर्वत्र समजत असल्याने जाहिरातदाराचे त्यात नुकसान होत नाही. विदर्भातील मराठी, विशेषतः वऱ्हाडी बोली, वाणिज्यिक वाहिन्यांवर जाहिराती, विनोदी प्रसंग आणि निवेदनातील लकबी यांतून अधिक ऐकू येते. तीत संपूर्ण कार्यक्रम असणे हे तुलनेने कमी आढळते.

महत्त्व

स्वतंत्र भारतातील वाणिज्यिक नभोवाणीच्या इतिहासात मुंबईचा उल्लेख नेहमी होतो, परंतु हा प्रयोग मुंबईपुरता नव्हता. नागपूरच्या समावेशामुळे महानगराबाहेरील बाजारपेठेतही नभोवाणीची जाहिरात विकली जाऊ शकते का, याची चाचणी पहिल्याच दिवसापासून झाली. पुढे विविधभारतीची जाहिरात केंद्रे अनेक मध्यम शहरांत उघडली गेली आणि खासगी एफएमच्या दुसऱ्या टप्प्यातही अशाच शहरांना मोठा वाटा मिळाला. शहराच्या नावाने चालणाऱ्या वाहिनीवर त्या शहराचे किती ऐकू यावे, हा १९६७ च्या रचनेत असलेला प्रश्न मात्र सरकारी व खासगी अशा दोन्ही वाहिन्यांपुढे आजही कायम आहे.