दार लाव, फ्लॉइड आत आहे

‘प्लॅनेटफॉल’ हा 1983 चा खेळ. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या इन्फोकॉम कंपनीने काढलेला, स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी लिहिलेला. चित्र एकही नाही. पडद्यावर मजकूर उमटतो, आपण आज्ञा टंकायची. यात एवढं काय होतं, असं जुन्या खेळाडूंना विचारलं की बहुधा एकच नाव येतं: फ्लॉइड.

आठवणींवर विसंबून मात्र भागत नाही. विल क्राउदर यांच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या त्याआधीच्या मजकुरी खेळाबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की त्यांनी नुसती गुहा उभी केली, जादू आणि बुटके डॉन वुड्स यांनी मागाहून घातले. 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या जुन्या बॅकअपमधून क्राउदर यांचा मूळ फोर्ट्रान प्रोग्राम हाती लागला. डेनिस जर्झ यांनी तो तपासून 2007 मध्ये मांडला, तर बुटके आधीपासूनच तिथे!

इन्फोकॉमचं दप्तर त्या मानाने नशीबवान. कंपनी 1989 मध्ये बंद पडली, पण मेरेट्झ्कींनी कागद जपले होते. जेसन स्कॉट यांनी ते स्कॅन केले आणि एप्रिल 2019 मध्ये खेळांचे मूळ प्रोग्रामही सर्वांसमोर ठेवले. आज कासुर्डीत, सोलापूर रस्त्याला चहापुरतं थांबलं तरी ‘प्लॅनेटफॉल’ची फाइल मोबाईलवर उघडते.

उघडली की दिसतो तो ओढाताणीचा संसार. अख्खा खेळ 128 किलोबाइटमध्ये बसवायचा. शब्दाची पहिली सहाच अक्षरं यंत्र बघणार. क्रियापद आधी हवं, म्हणजे ‘दार लाव’ चालायचं नाही, ‘लाव दार’ म्हणायचं. अशा मठ्ठ यंत्राकडून माणसांच्या गप्पा वदवून घेणं कठीण. मेरेट्झ्कींनी माणसंच काढून टाकली. खेळाडू म्हणजे अंतराळदलातला सर्वांत खालच्या हुद्द्याचा, डेक घासणारा गडी. जहाजावर स्फोट होतो आणि तो एका ओसाड ग्रहावर जाऊन पडतो. तिथले रहिवासी रोगापायी शीतनिद्रेत गेलेले. बोलायला एकच रोबो, फ्लॉइड, तोही पोरकट. पोर अडखळलं तर कुणाला खटकत नाही. माझ्या मते विज्ञानकथा इथे यंत्राचं दारिद्र्य झाकायच्या कामी आली.

फ्लॉइडचा बराचसा जीव एका छोट्या यादीत आहे. तो खोलीत असला की मधूनच त्यातलं एखादं वाक्य पडद्यावर येतं. कधी तो सांध्यांना तेल घालतो, कधी लझारस या जुन्या मित्राची आठवण काढतो. गंमत म्हणजे खेळ सेव्ह केलात की, आता काहीतरी धोक्याचं करायचं ना, म्हणून तो हरखतो. सेव्ह करणं ही खरं तर खेळाबाहेरची गोष्ट. तीही त्याला कळते.

मग एक प्रयोगशाळा येते. आत हिंस्र प्राणी, आणि पुढे जायला लागणारं कार्डही आतच. फ्लॉइड आपणहून जायला निघतो. दार उघडायचं आपण, तो आत शिरला की लावायचंही आपणच. नाही लावलं तर प्राणी आपल्यालाच संपवतात. कादंबरीत हे पाप लेखकाच्या माथी जातं. इथे ते दोन शब्द आपल्याला टंकावे लागतात. ठोके ऐकू आले की पुन्हा उघडायचं, पुन्हा लावायचं. तो कार्ड घेऊन बाहेर येतो आणि कोसळतो.

खेळ नीट तडीस नेला तर शेवटी फ्लॉइड दुरुस्त होऊन परत येतो. दारापाशीच ज्यांनी डिस्क काढून ठेवली, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.