अनेक चौकटी एकत्र सरकवणे

येथे ‘चौकटी एकत्र सरकवणे’ म्हणजे हाताने काढलेल्या अनेक चित्रांची पडद्यावरील जागा एकाच कृतीत बदलणे. सेकंदाला 24 चौकटी दाखवताना प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते टिकवले, तरी सेकंदाला 12 चित्रे लागतात. त्यामुळे चालणारी मुलगी बोटभर डावीकडे हवी होती हे उशिरा लक्षात आले, तर तीन सेकंदांच्या दृश्यासाठी 36 चित्रे हलवावी लागतात, आणि ती एकेक करून हलवताना एखादे केसभर जरी चुकले, तरी आकृती थरथरते. कागदावरील ॲनिमेशनमध्ये भोके पाडलेली चित्रे खुंट्यांच्या पट्टीवर बसवत, आणि कॅमेऱ्याखाली ती पट्टीच सरकवता येई. तो उपाय आजही अतिशय हुशारीचा वाटतो. संगणकावर ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधील ग्रीज पेन्सिल या साधनात कीफ्रेम, म्हणजे ज्यांवर प्रत्यक्ष चित्र काढलेले असते अशा चौकटी, कालपट्टीवर निवडून मल्टिफ्रेमची सोय चालू केली, की त्या सर्वांतील निवडलेल्या रेषा एकदम सरकतात. मात्र रेषांची निवडही प्रत्येक चौकटीत पुरी असावी लागते, कारण एखादी भुवई सुटली, तर चेहरा पुढे जातो आणि ती जुन्याच जागी तरंगत राहते. चालू चौकटीपासून दूर जाताना हा परिणाम ओसरत न्यायचा असल्यास त्यासाठी वेगळा वक्र आखता येतो.