डावी सीट, उजवी सीट : वैमानिकांच्या सेवाज्येष्ठतेची गोष्ट

आजचा विषय आम्हाला एका आईने दिला. मागच्या व्याख्यानानंतर सभागृहाच्या जिन्यात उलव्याच्या एक बाई आमच्यासाठी थांबल्या होत्या. मुलगा पायलट झालाय. लायसन्स हातात येऊन दोन वर्षं झाली, आणि पोरगा घरी बसून आहे. जमिनीचे आलेले पैसे त्यात गेले, वर बँकेचं कर्ज. बाई म्हणाल्या, "पेपरात रोज येतंय, पायलट कमी पडले म्हणून विमानं रद्द झाली. मग आमचा पोरगा घरी कसा?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो आणि निघालो. घरी आल्यावर लक्षात आलं की प्रश्न इतिहासाचा आहे, आणि तो नीट सांगायचा तर सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

आधी डिसेंबर २०२५ आठवा. ८ ऑक्टोबरला आपल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं होतं आणि २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं उतरायची होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला इंडिगोची उड्डाणं कोसळली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते : आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. तेवढी माणसं वेळापत्रकात नव्हती. नियोजनात चूक झाली, हे कंपनीनेही मान्य केलं. म्हणजे वैमानिक कमी होते, हे खरं. आणि उलव्यातला मुलगा घरी होता, हेही खरं.

दोन्ही एकाच वेळी खरं कसं? कारण 'वैमानिक' हा एक शब्द असला तरी माणसं दोन आहेत. विमानाच्या नाकात दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. डाव्या सीटसाठी जे वरचं लायसन्स लागतं, त्याला किमान १५०० तास, आणि त्यावर प्रत्येक कंपनीच्या आपापल्या अटी. एक कॅप्टन तयार व्हायला वर्षं जातात. २०० तासवाले मात्र गोंदिया, बारामती, शिरपूर इथून आणि परदेशातल्या शाळांमधून दरवर्षी बाहेर पडतात. डावीकडच्या खुर्चीला माणूस नाही, तर उजवीकडे दहा जण बसवूनही विमान उडत नाही. २०० पासून १५०० पर्यंत जायची वाट कुठून होती आणि ती कशी मोडली, ते आज बघू.

सुरुवातीला वाटच नव्हती. जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये मुंबईतून लायसन्स घेतलं आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं, तेव्हा वैमानिक इतके थोडे की रांग लावायची गरजच पडत नव्हती. महायुद्धानंतर चित्र पालटलं. सैन्याची डकोटा विमानं स्वस्तात मिळाली, कंपन्या भराभर उघडल्या आणि तशाच भराभर तोट्यात गेल्या.

१ ऑगस्ट १९५३ ला सरकारने आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स केली. त्यात डेक्कन एअरवेज होती, भारत एअरवेज होती, आणि वालचंद हिराचंदांच्या सिंदिया समूहाची, मुंबईची एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियाही होती. आठ कंपन्यांचे वैमानिक एका यादीत बसवायचे. कोण वर, कोण खाली? भारतीय विमानवाहतुकीतला सेवाज्येष्ठतेचा मोठा प्रश्न इथून सुरू होतो. पुढे प्रत्येक विलीनीकरणात तो जसाच्या तसा परत उभा राहिला.

सेवाज्येष्ठता म्हणजे बहुतेक ठिकाणी रुजू झाल्याची तारीख. एकाच तुकडीतले असतील तर प्रशिक्षणातले गुण. ऐकायला हा नियम आळशी वाटतो. हुशार माणसाने का थांबायचं? पण त्यामागे एक शहाणपण आहे. पाऊस वेडावाकडा आहे, धावपट्टी दिसत नाही, आणि कॅप्टन म्हणतो, मी उतरवणार नाही, विमान परत नेतो. कंपनीचं इंधन गेलं, प्रवासी वैतागले. अशा माणसाची बढती साहेबाच्या मर्जीवर असेल, तर पुढच्या वेळी तो उतरवण्याचा मोह धरेल. तारखेवर असेल, तर त्याला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. अमेरिकेतल्या वैमानिकांनी १९३१ मध्ये संघटना बांधली. आज तिथे सीनियॉरिटी नंबरावर तळ, विमान, सुट्टी सगळं ठरतं. आपल्याकडे व्यवस्थापनाचा हात जास्त राहिला, पण गाभा तोच.

इंडियन एअरलाइन्समध्ये ही शिडी चालली, कारण तिला खालच्या पायऱ्या होत्या. आधी डकोटा. मग १९६० च्या दशकात फोकर फ्रेंडशिप आणि अ‍ॅव्रो, चाळीस-पन्नास आसनांची पंख्याची विमानं. त्यांच्यावर नवा मुलगा उजवीकडे बसायचा आणि लहान धावपट्ट्या, पाऊस, डोंगर शिकायचा. वरचे लोक बोइंगवर गेले की फोकरची डावी सीट मोकळी व्हायची. मग हाही एक दिवस बोइंगवर, तिथून एअरबसवर. एकच मालक, एकच यादी.

सौदामिनी देशमुखांचं उदाहरण घ्या. १९८० मध्ये त्या इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर असं विमान त्यांनी निवेदिता भसीन यांच्यासोबत नेलं, आणि संपूर्ण महिला चालकांचं ते पहिलं उड्डाण म्हणून नोंदलं गेलं. सगळे त्या उड्डाणाच्या महिला असण्याबद्दल बोलतात, तेही योग्यच. आम्ही मात्र विमान आणि मार्ग बघतो. विमान होतं फोकर, मार्ग ईशान्येचा. रुजू होऊन पाच वर्षांत डावी सीट मिळाली, ती या लहान विमानावर. पुढे त्या बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० च्याही कॅप्टन झाल्या. खालची पायरी नसती, तर हे इतक्या लवकर झालं असतं का? आम्हाला तरी शंका आहे.

आता ती पायरी कशी निघाली ते बघा. १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून वायुदूत काढली. लहान गावं, लहान विमानं, डॉर्नियरसारखी. हेतू चांगला होता, पण लहान विमानाची वेगळी कंपनी झाली की वेगळी यादीही होते. वायुदूत तोट्यात बुडाली. १९९३ मध्ये तिला इंडियन एअरलाइन्समध्ये मिसळायचं ठरलं आणि तिच्यासाठी आत एक निराळा विभाग करावा लागला. ज्यांनी दहा वर्षं खडतर धावपट्ट्यांवर काढली, त्यांची वर्षं मोठ्या घराच्या यादीत कितीची धरायची? त्यांना वर घेतलं, तर आधीपासूनचे खाली सरकतात. खाली ठेवलं, तर ही वर्षं पुसली जातात. कोणालाही न दुखावता सुटेल असं हे गणितच नाही.

मग १९९६ मध्ये अलायन्स एअर निघाली, इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी. इथे मुदतीच्या करारावर माणसं घेण्याची पद्धत आली. करार संपला की नवा करार, आणि आईच्या घरच्या यादीत मुलीच्या नोकरांना जागा नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. सरकारने उझबेकिस्तानहून चालकांसकट विमानं भाड्याने आणली आणि त्यातलं एक तुपोलेव ९ जानेवारी १९९३ ला दिल्लीत धुक्यात उलटलं. त्याच वर्षी मे महिन्यात जेट एअरवेज उडाली. तोवर वैमानिकाला नोकरी बदलायची सोय जवळजवळ नव्हतीच, म्हणून यादीत थांबणं परवडत होतं. आता दुसरं दार उघडलं. कॅप्टन जास्त पगारावर बाहेर पडले, आणि बाहेर पडणाऱ्याला पहिल्यांदा कळलं की वरिष्ठता ट्रंकेत भरून नेता येत नाही. नव्या घरी तुमची तारीख नवी.

२००६ मध्ये इंडिगो आली. तिने सरळ एअरबस ए-३२० घेतली आणि २०० तासांची मुलंही थेट १८० आसनांच्या विमानात उजवीकडे बसू लागली. हे सुरक्षित नाही असं आम्ही म्हणत नाही. प्रशिक्षण कडक असतं, सिम्युलेटर असतात. पण लहान विमानाची पायरी आता शिडीचा भाग उरली नाही. ती बाजूची वेगळीच खोली झाली.

अमेरिकेत बरोबर उलट झालं. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअर या छोट्या कंपनीचं विमान पडलं आणि ५० माणसं गेली. त्यानंतर सहवैमानिकालाही १५०० तासांची अट आली, २०१३ पासून. गंमत अशी, आणि ती दुःखाची गंमत आहे, की त्या विमानातल्या दोघांकडेही १५०० हून अधिक तास होते. चौकशीत थकवा आणि प्रशिक्षण हे विषय निघाले, सहवैमानिकेचा तुटपुंजा पगारही चर्चेत आला. नियम मात्र तासांचा आला. परिणाम असा की तिथे छोटी कंपनी ही सक्तीची पायरी झाली. नवशिक्याची गरज वाढली आणि त्याचा पगार पुढे चढला. आपल्याकडे ती पायरी ऐच्छिक, म्हणून तिला मोल नाही.

२००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या आणि १९५३ चा प्रश्न परत आला. एअर इंडियाकडे मोठी विमानं, संख्येने कमी, म्हणून कॅप्टनपद उशिरा. इंडियन एअरलाइन्समध्ये ते लवकर. दोन याद्या एकत्र केल्या तर वयाने आणि नोकरीने लहान माणूस डाव्या सीटवर आधीच बसलेला. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने २०१२ च्या जानेवारीत अहवाल दिला. त्याच मे महिन्यात ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावरून ठिणगी पडली. ही विमानं विलीनीकरणाआधी एअर इंडियाने मागवली होती. तिच्या वैमानिकांचं म्हणणं, आमच्या ताटातलं वाढून त्यांना का देता? ५८ दिवस संप चालला, शंभराहून जास्त वैमानिकांना काढलं गेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, लाखोंचे पगार घेणारे लोक खुर्चीवरून भांडतात. पण रांगेत दहा वर्षं काढलेल्याला विचारा, नंबर मागे जाणं म्हणजे काय. आपल्या उरण-पनवेलला हे नव्याने सांगायला नको. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला पाच माणसं गेली, त्यानंतर साडेबारा टक्के आलं. कोणाचा हक्क आधीचा, हा प्रश्न पोटाचाच असतो.

२७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची पहिली विमानं निघाली, त्यात आपलं नांदेड-हैदराबाद होतं, ट्रूजेटचं. डिसेंबरात जळगावला १९ आसनांचं विमान आलं. त्या वेळी अनेकांना वाटलं, आमच्यासह, की खालची पायरी परत बसतेय. जळगावचं ते विमान पुढे थांबलं, ट्रूजेटही २०२२ मध्ये थांबलं. अशा कंपनीत तीन वर्षं काढलेल्या सहवैमानिकाकडे तास राहतात, ते कोणी काढून घेत नाही. पण यादीच उरत नाही. शिवाय एटीआर उडवणाऱ्याला एअरबसकडे जायचं तर नवं टाइप रेटिंग आणि तळापासून नवा नंबर. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तेव्हा वीस-वीस वर्षांची वरिष्ठता एका रात्रीत कागद झाली. मग ट्रूजेटच्या मुलांचं काय घेऊन बसलात.

आणि निघायचं म्हटलं तरी सहज निघता येत नाही. २०१७ पासून कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कंपनी म्हणते, तयार माणूस उभ्या उभ्या गेला तर विमानं जमिनीवर बसतात. तेही खोटं नाही. पण खासगी कंपनीत वर्षभराची नोटीस आणखी कुठल्या धंद्यात ऐकलीत?

२०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात मिसळली. एप्रिलात विस्ताराचे वैमानिक मोठ्या संख्येने आजारी पडले आणि उड्डाणं रद्द झाली. नव्या करारात पगाराची हमी महिन्याला ७० तासांवरून ४० तासांवर येत होती, आणि पाठोपाठ जुनीच चिंता : एकत्र यादीत आमचा नंबर कितवा?

बाईंचा मुलगा आज इथे आलाय. त्याला एका लहान कंपनीकडून, एटीआरसाठी, बोलावणं आलंय. थांबून एअरबसची वाट बघावी की जावं, असं त्याने विचारलं. आमचं मत, जावं. तास हातात येतील, आणि तास बरोबर नेता येतात. पण कराराचा मसुदा आम्ही त्याच्यासोबत बसून वाचला. त्यात एक ओळ आहे : ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून नाही, तर प्रशिक्षण संपून प्रवासी उड्डाणावर लावलं जाईल त्या तारखेपासून. सिम्युलेटरची पाळी कोणाला कधी द्यायची, हे कंपनी ठरवते. म्हणजे त्याच्याबरोबर एकाच दिवशी रुजू झालेला दुसरा मुलगा चार महिने आधी मोकळा झाला, तर तो कायमचा वर. सही करण्याआधी पाळी कशी लावणार हे लेखी मागून घे, एवढं आम्ही त्याला सांगितलं आहे. तो उद्या त्यांना ईमेल करणार आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.