अडगळीतील फटफटी

जुन्या वाड्याच्या पडवीत पोत्याखाली वीस-पंचवीस वर्षे झाकून ठेवलेली बुलेट, श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. वडिलांची आठवण म्हणून ती विकवत नाही, आणि चालत नाही म्हणून कोणी वापरीत नाही. मग एके दिवशी घरातील एखादा तरुण पोते दूर सारतो आणि उत्साहाच्या भरात सणसणीत किक मारतो. नुकसान व्हायचे ते बहुधा याच क्षणी होते.

कारण, बंद इंजिन विश्रांती घेत असते हा समज खरा नव्हे. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर पावसाळ्याची दमट हवा सिलिंडरात शिरते; भिंतीवरील तेल केव्हाच निथळून गेलेले असते; बिडावर गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा त्यास चिकटतात. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून मागे केवळ चीक उरतो. जाणता मिस्त्री म्हणूनच प्रथम प्लग काढून आत पातळ तेल सोडतो, काही दिवस थांबतो, आणि मग गिअर टाकून मागील चाक हाताने हळूच फिरवून पाहतो. फिरले नाही तर बळ न वापरता इंजिन उतरवतो. झिजलेला सिलिंडर बोअर करून किंचित मोठा पिस्टन बसवावा लागतो, व्हॉल्व्ह घासून त्यांच्या बैठकीत बसवावे लागतात, तेलाच्या वाटा मोकळ्या कराव्या लागतात. शेवटी पुशरॉड असे जुळवावयाचे की इंजिन थंड असता ते बोटांनी सहज फिरावेत, पण वरखाली मात्र हलू नयेत.

हे सारे कौशल्य खरे. पण नवा पिस्टन मिळालाच नाही तर? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

७० मिलिमीटर व्यासाचे आणि ९० मिलिमीटर धावेचे हे ३४६ घन सेंटिमीटरचे इंजिन इंग्लंडातील रेडिच गावचे. रॉयल एनफील्डने त्यावरील नवी बुलेट १९४९ मध्ये विक्रीस आणली. भारतीय लष्कराने ती पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीने ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन झाली. प्रारंभी इंग्लंडहून आलेले भाग जोडले जात; पुढे मद्रासजवळील तिरुवोत्तियूर येथे तेच भाग घडू लागले. आणि मग विलक्षण घडले. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना मिटला, १९७० मध्ये इंग्लंडमधील उत्पादनच थांबले. परंतु तिरुवोत्तियूरची यंत्रे चालूच राहिली. मूळ झाड वठले, पण दूर लावलेले कलम फळत राहिले. १९७७ मध्ये तर मद्रासची बुलेट इंग्लंडात निर्यात होऊ लागली. त्या जुन्या घडणीचे बिडाचे इंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तयार होत होते. इतक्या दीर्घ उत्पादनामुळेच जुन्या बुलेटचे भाग आजही मिळतात.

याउलट म्हैसूरच्या जावाकडे पाहावे. १९६१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले आणि १९९६ मध्ये थांबले. त्यानंतर त्या गाड्यांच्या धन्यांना जुन्या बाजारात आणि लेथवाल्यांच्या दारी हिंडावे लागले. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ठिकाणच्या ओतशाळा व लेथ यांचे मोल अशा वेळी कळते.

यंत्राचे आयुष्य केवळ त्याच्या लोखंडात नसते. त्याचे भाग घडविणाऱ्या आणि ते बसविणाऱ्या हातांत असते. तेव्हा अडगळीतील फटफटी जिवंत करावीशी वाटली, तर आधी किकला पाय लावू नये. गावातील वयस्क मिस्त्रीला घरी बोलवावे, तो इंजिन उघडत असता घरातील तरुणाने शेजारी बसावे, आणि निघालेला प्रत्येक भाग, झिजलेला असला तरी, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. नवा भाग कोठेच मिळाला नाही, तर लेथवाल्यापुढे नमुना म्हणून ठेवावयास तोच उपयोगी पडतो.